भिंगरीची वेळ

आमच्या घरात लघवी हा शब्द मोठ्यानं उच्चारायची पद्धत नव्हती. आई "जाऊन ये" एवढंच म्हणायची. नाना, म्हणजे माझे वडील, तेवढंही म्हणायचे नाहीत. पाहुण्यांसमोर आम्हा बहिणींना नुसत्या भुवया उचलून विचारलं जायचं. त्या उन्हाळ्यात मात्र हा शब्द घरात असा रुळला की जेवताना भाजी वाढता वाढता त्याच्यावर बोलणं चालायचं. सातपूरच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून नाना घरी यायचे, अंगाला यंत्राच्या तेलाचा वास असायचा, आणि स्कूटर स्टँडला लावता लावता दारातूनच विचारायचे, "झाली का तिची?" शेजारच्या काकू कुंपणावरून तेच विचारायच्या. "किती झाली, रंग कसा होता?" असं आई स्वयंपाकघरातून ओरडून विचारायची, आणि त्यात काही वावगं आहे असं तिलाही वाटेनासं झालं होतं.

ती म्हणजे भिंगरी, आमची कुत्री. लांबुळक्या अंगाची, आखूड पायांची, गुळाच्या रंगाची. कारखान्यातल्या एका साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी ती नानांच्या गळ्यात मारली होती. कुणी घरी आलं की ती जागच्या जागी गोल फिरायची, म्हणून ताईनं तिचं नाव भिंगरी ठेवलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण शैला. मी विजया, घरातली विजू, त्या वर्षी बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. भिंगरी घरात सगळ्यांची होती, पण झोपायची ताईच्या पायाशी. ताई शिवणयंत्रावर बसली की पायडलच्या बाजूला अंग पसरून पडायची, आणि यंत्र थांबलं की मान वर करायची.

ताईचं लग्न ठरलं होतं. आत्यानंच जमवलं होतं. आत्या म्हणजे नानांची मोठी बहीण, नांदगावला दिलेली. मुलगा तिच्याच गावचा, बाजारात बी-बियाण्यांचं दुकान होतं, माणसं चांगली होती. लग्नाच्या आधी घरात जे जे करायचं ते सगळं सुरू झालं. आईनं कुरडयांसाठी गहू भिजत घातले. घरभर तो आंबूस वास भरून राहिला. मग ते वाटून, गाळून, मोठ्या पातेल्यात चीक शिजायला ठेवला. चीक घोटताना हाताला जो जोर लागतो तो करणारालाच ठाऊक. आई आणि काकू आळीपाळीनं घोटत होत्या, आणि आम्ही वाट्या घेऊन उभ्या होतो. गरम चीक, वर दूध आणि साखर. आजही कुठे लग्नघर म्हटलं की मला त्या चिकाची चव आठवते, आणि पाठोपाठ भिंगरीही आठवते, कारण त्याच दिवशी ते घडलं.

कुरडया गच्चीवर वाळत घातल्या होत्या. तिथे एक जुनी खाट होती, आणि कावळे हाकलायला भिंगरी त्या खाटेवर बसून असायची. हे काम तिला मनापासून आवडायचं. कावळा उतरला, तिनं उडी घेतली, आणि जो आवाज आला तो कुत्र्याचा वाटलाच नाही. मी वर धावले तेव्हा ती पुढच्या दोन पायांवर माझ्याकडे येत होती. मागचं अर्धं अंग ओल्या कपड्यासारखं मागून फरफटत होतं. तिचं तिलाच ते कळत नव्हतं. मधेच थांबून ती मागे वळून बघायची, कुणी धरलंय का ते.

आमच्या भागातले जनावरांचे डॉक्टर बहुतेक गाई-म्हशीच बघायचे. त्यांनी चिमट्यानं तिच्या मागच्या पायाचं बोट दाबलं. ती ढिम्म. मग जोरानं दाबलं, तेव्हा तिनं मान वळवली. डॉक्टर म्हणाले, अजून जाणीव आहे, वेळ घालवू नका, मुंबईला न्या. नाना सहसा रजा घेत नसत. त्यांनी रजा टाकली, शेजारच्या काकांची जीप मागितली, आणि ताईला बरोबर घेऊन निघाले. लग्नाच्या तोंडावर नवरी मुलगी कुत्र्यासाठी मुंबईला गेली हे नांदगावला कळू द्यायचं नाही, असं आईनं काकूंना बजावलं, आणि तेव्हाच मला कळलं की ते कळणार.

मणक्यातली चकती सरकून मज्जारज्जूवर दाब आला होता. ऑपरेशन झालं. भिंगरी परत आली ती पाठीवरचे केस काढलेली, लांबलचक टाके घातलेली, डोळे मोठे झालेली. पाय येतील किंवा येणार नाहीत, थांबावं लागेल, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण पायापेक्षा मोठी काळजी दुसरीच होती. तिला लघवी आपणहून करता येत नव्हती. मूत्राशयाचा फुगा भरत राहायचा आणि तो हातानं दाबून रिकामा करायचा, दिवसातून तीन-चार वेळा, न चुकता. साचून राहिली तर आत जंतुदोष होतो, मूत्रपिंडावर जातं, आणि मग ऑपरेशन केलं काय नि न केलं काय.

आमच्या डॉक्टरांनी आम्हा चौघांनाही शिकवलं. दोन्ही हात पोटाच्या दोन बाजूंना, बरगड्यांच्या मागे. बोटांनी चाचपायचं. भरलेला फुगा मोसंबीसारखा लागतो. तो हाताला लागला की हळूहळू, एकसारखा दाब द्यायचा, शेपटीच्या दिशेनं, आणि धार सुरू झाली की हात सोडायचा नाही. चिमटायचं नाही, झटका द्यायचा नाही. सांगायला एवढंच. नानांनी हात लावला आणि भिंगरी कळवळली. यंत्रावर राबलेले हात ते. नानांनी हात काढून घेतले, ओट्यावर जाऊन बसले, आणि पुन्हा कधी लावले नाहीत. आईचा धीर झाला नाही. तिनं आपणहून फडक्यांचं काम घेतलं. रोज उकळत्या पाण्यातून काढून वेगळ्या दोरीवर वाळत घालायची, ओल्या फडक्यावर तिला क्षणभर राहू द्यायची नाही. मला मोसंबी सापडायचीच नाही. सापडली असं वाटायचं आणि निसटायची, आणि पुन्हा धरली की आपल्या हातात ती फुटेल या भीतीनं माझी बोटं आपोआप सैल पडायची. जमलं ते एकट्या ताईला. पहिल्याच दिवशी तिनं डोळे मिटले, हात ठेवले, आणि धार लागली.

मग ताईचं काम ठरून गेलं. मी पुढचे पाय धरून बसायची, ती मागे बसायची. बाहेरून कारखान्यांचे धाड धाड आवाज यायचे, पाळी सुटल्याचा भोंगा व्हायचा, आणि आमच्या मागच्या अंगणात ताई म्हणत असायची, "झालं हं, झालं, शाणी माझी." साड्यांची खरेदी, पत्रिका, मुंडावळ्या, सगळं भिंगरीच्या वेळा सांभाळून. कुणी बोलत नव्हतं, पण लग्न जसजसं जवळ यायला लागलं तसतसं मला जेवण जाईनासं झालं. मी रोज प्रयत्न करायची. थोडी यायची, बाकीची ताई काढायची.

एक दिवस डॉक्टर टाके बघायला आले, तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारीच उभी होते. त्यांनी नानांना सरळ विचारलं, मुलगी सासरी गेल्यावर हे कोण करणार? नानांनी माझ्या हातातला तांब्या घेऊन त्यांच्या हातावर पाणी घातलं. मग डॉक्टर म्हणाले, कुणीच करणारं नसेल तर हिला तुंबवून हाल करण्यात अर्थ नाही, तेव्हा मला बोलवा, मी एक सुई देईन, तिला त्रास होणार नाही. ते वाईट माणूस नव्हते. आवाज मऊ होता. नाना माझ्याकडे बघत नव्हते, आणि ते बघत नाहीत हेच मला जास्त लागलं.

हळदीच्या दिवशी आत्या नांदगावहून माणसं घेऊन आली होती. दारात मांडव, ओट्यावर पाट, बायकांची गर्दी. सकाळी ताईनं भिंगरीचा फुगा रिकामा करून तिला मोकळं केलं, आणि मग बायकांनी ताईला हळदीला बसवलं. दुपारी आई फडकं बदलायला गेली आणि हसत बाहेर आली. फडकं भिजलेलं होतं. आपोआप झाली म्हणाली. घरात एवढा आनंद पसरला की काय सांगू. काकूंनी देवाला साखर ठेवली. आत्या म्हणाली, हळदीचा पायगुण. मी मात्र भिंगरीपाशी गेले तर ती मान टाकून पडली होती, समोरची पोळी तशीच. डॉक्टर एकदा बोलले होते ते मला आठवलं. ठिबकली म्हणजे मोकळी झाली असं समजू नका, भरून वाहायला लागते ती. मी पोटाखाली हात घातला. मोसंबी शोधावी लागलीच नाही. सगळं पोटच कडक झालं होतं. मी दाबून पाहिलं, ती कण्हली, चार थेंब आले आणि थांबले.

मी मांडवात गेले. ताई पाटावर, तोंडाला, हातांना, पायांना हळद. मी तिच्या कानाशी वाकून सांगितलं. ती उठायला लागली तशी आत्यानं तिचा दंड धरला.

"कुठं निघाली? हळद लागलेल्या नवरीनं असलं काय करायचं नसतं. लय वाईट दिसतं ते. सासरची माणसं बसलीत समोर."

ताई म्हणाली, "आत्या, हळद परत लावता येईल."

एवढं बोलून ती चालायला लागली. मागच्या अंगणात तिनं मला भिंगरीच्या मागे बसवलं, माझे हात पोटावर ठेवले आणि वर स्वतःचे हळदीचे हात ठेवले. "बोटं नको वापरू, विजू. तुझ्या बोटांना भीती वाटते. तळहातानं धर आणि नुसती थांब." आम्ही थांबलो. किती वेळ ते आठवत नाही. मग धार लागली, गढूळ, उग्र वासाची, आणि लागली ती थांबेचना. भिंगरीच्या गुळाच्या रंगावर हळदीचे पंजे उठले होते. संध्याकाळी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं की हा फुगा पुन्हा असा ताणला तर त्याच्यातला जोर कायमचा जाईल.

लग्न दुसऱ्या दिवशी दुपारचं होतं. कार्यालय आमच्या कॉलनीच्या टोकालाच. पहाटे न्हाण्याआधी ताईनं भिंगरीला मोकळं केलं. हिशेब असा होता की मुहूर्त झाला, पंगती बसल्या की ताईला घटकाभर घरी आणायचं, ती करेल, मग पाठवणी. करवली मीच होते. पहिल्यांदाच जरीची साडी नेसले होते, हातात दिवा धरून नवरीच्या मागे उभं राहायचं माझं काम. पण वऱ्हाडाची बस चांदवडच्या पुढं बंद पडली. कुणीतरी फोनवरून निरोप दिला. मुहूर्त टळला, भटजींनी पुढचा काढला. कार्यालयात पंखे फिरत होते, बायका पदरानं वारा घेत होत्या, सनईची तीच कॅसेट पुन्हा पुन्हा लागत होती. ताई आतल्या खोलीत मुंडावळ्या बांधून बसली होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि ती भिंतीवरच्या घड्याळाकडे.

शेवटी तिनं मला जवळ बोलावलं. "तू जा."

मी म्हटलं, मला येत नाही, तुलाही माहीत आहे. आणि मी करवली आहे.

"दिवा कुणीही धरेल," ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज घट्ट होता. "उद्यापासून मी नाहीये, विजू. आज मी दोन गल्ल्यांवर आहे. अगदीच नाही आली तर मला बोलवायला ये. मी येईन, अक्षता पडायच्या असल्या तरी येईन."

ती आली असती हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच तिला बोलवायला जावं लागू नये असं वाटत मी निघाले. साडी दोन्ही हातांनी वर धरून, चपला न घालता, तापलेल्या डांबरावरून. घर राखायला शेजारच्या काकू बसल्या होत्या. त्यांचा दारातच डोळा लागला होता. मी त्यांना उठवलं नाही.

भिंगरी मागच्या दारात पडली होती. मला पाहून पुढचं अंग उचललं. खाली फडकं ओलं होतं. मी पदर खोचला, तिच्या मागे बसले, तिचे पुढचे पाय धरायला कुणी नव्हतं. हात ठेवले. कडक. दाबलं. काही नाही. परत हात ठेवले. ती अंग आकसून घ्यायची आणि मी हात सैल सोडायची. तेवढ्यात बँड वाजायला लागला. वऱ्हाड आलं होतं. मला वाटलं आता धावत गेले तर अजून वेळ आहे, ताईला आणता येईल. मी अर्धी उठलेसुद्धा. भिंगरीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि मी परत बसले.

मग मी बोटं उचलली. नुसते तळवे ठेवले. डोळे मिटले. कर्ण्यावरून मंगलाष्टकं सुरू झाली, सगळ्या कॉलनीला ऐकू जातील अशी. भटजींचा आवाज चढायचा, शेवटी "सावधान" यायचं, आणि पुन्हा पुढचं कडवं. मी काही करत नव्हते, नुसती धरून होते. तिसऱ्या की चौथ्या कडव्याला माझ्या हाताखाली काहीतरी सैल झालं. आधी थेंब, मग बारीक धार, मग चांगली. मी दाब तसाच ठेवला. हात सोडायचा नाही, एवढं एकच मनात म्हणत होते. टाळ्या वाजल्या, बँड जोरात सुरू झाला, ताईचं लग्न लागलं, आणि माझ्या जरीच्या साडीच्या निऱ्या भिजत होत्या. पोट मऊ झालं. मी फडक्यावर रंग पाहिला. फिकट पिवळा होता, कालचा उग्र वास नव्हता. मग मी तिथेच बसून रडले.

लग्नाच्या अल्बममध्ये ताईच्या मागे दिवा धरून आत्याची नात उभी आहे. माझ्या मुलींनी अनेकदा विचारलं, तू कुठे आहेस? मी पंगतीच्या फोटोत आहे, साध्या सुती साडीत. आत्या पाठवणीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. कार्यालयात परत गेले तेव्हा ताई पाटावर होती, शेजारी तिचा नवरा. तिनं लांबून माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं इतका मोठा श्वास सोडला की शेजारच्या भावोजींनी वळून पाहिलं.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मीच जाणे. एकदा जमलं म्हणजे जमलंच असं नव्हतं. कधी पटकन यायची, कधी माझ्या पाठीला रग लागेपर्यंत नाही. दर वेळी बसताना वाटायचं की आज येणार नाही, आज डॉक्टरांना बोलवावं लागेल. आई फडकं घेऊन शेजारी उभी राहायची आणि तिची भीती मला तिच्या श्वासातून कळायची. भिंगरीचं पुढे काय झालं ते इथेच सांगते. पावसाळ्यात तिनं मागच्या पायांवर पहिल्यांदा भार दिला. दिवाळीपर्यंत ती झोकांड्या खात चालायला लागली, आणि हळूहळू आपली आपण करायलाही लागली, पूर्ण नाही, पण पुरेशी. माझं लग्न झालं तेव्हाही ती होती. म्हातारी होऊन गेली.

पण मला सांगायचं आहे ते ताई पहिल्यांदा माहेरी आली त्या दिवसाचं. नाना तिला आणायला नांदगावला गेले होते. रिक्षातून उतरली ती हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत, नवी साडी, थोडी वाळलेली. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, तेवढा तिनं कसाबसा सोसला आणि थेट मागच्या अंगणात गेली. भिंगरीनं जो आकांत केला तो आवरायला दोघी लागलो. ताई जमिनीवर बसली, तिनं पोटाखाली हात घातला, आणि तिचा हात तिथेच थांबला. पोट मऊ होतं. मी नुकतंच तिला मोकळं केलं होतं.

"वाटेत सगळा वेळ मी म्हणत होते, गेल्या गेल्या हिला मोकळी करायची, मग चहा," ताई म्हणाली. ती हसली, पण हात काढेना. माझ्या लक्षात आलं की घरात करण्यासारखं तिचं काहीच उरलं नव्हतं. शिवणयंत्र झाकून ठेवलं होतं. तिची कपड्यांची पेटी मी घेतली होती. आई तिला पाहुणीसारखा चहा देत होती, बशीत बिस्किटं मांडून.

संध्याकाळी भिंगरीची वेळ झाली. मी फडकं घेतलं आणि मागे बसायच्या ऐवजी पुढे जाऊन तिचे पुढचे पाय धरले. म्हटलं, "ताई, आज तू कर." तिनं बांगड्या वर सरकवल्या, हात धुतले, आणि बसली. डोळे मिटले. थोडा वेळ लागला. मग धार आली, आणि ती पूर्वीसारखीच म्हणायला लागली, शाणी माझी, झालं हं. संपल्यावर तिनं हात पुसले नाहीत. माझ्याकडे बघून विचारलं, "बघ गं, नीट झालीय का?"

मी पुढचे पाय सोडले, तिच्या शेजारी सरकले आणि हात घालून पाहिलं.

"अजून थोडी आहे," मी म्हणाले.

ताईनं पुन्हा हात लावले.